गल्लीतला सोपा: सगळ्या वयाच्या माणसांसाठी बसायची जागा करताना लोक आम्हाला काय काय विचारतात

बेळगावच्या पश्चिमेला, रताळ्या-भाताच्या पट्ट्यात आमचं गाव आहे. गल्लीत गेली चार वर्षं एक बसायची जागा चालू आहे. जुन्या चिऱ्याच्या घराचा सोपा, म्हणजे पुढची ओसरी, लागून एक खोली, मागं परसात नवा बांधलेला संडास आणि पुढं कट्टा, एवढंच. नाव कुणी ठेवलं नाही. "आज्जा कुठं गेलाय?" "सोप्यात हाय की." असं म्हणता म्हणता सोपा हेच नाव पडलं.

खानापूर, निपाणीकडची मंडळीसुद्धा बघायला येतात आणि तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय. "आम्ही" म्हटलं की गल्लीतली आठ-दहा माणसं धरा. मतं मात्र बरीचशी माझी आहेत, आणि त्यातली काही आमच्याच माणसांना पटत नाहीत.

गावात समुदाय भवन आहे की. मग हे वेगळं कशाला?

त्या भवनाची किल्ली कुणाकडं असते ते आधी सांगा.

बहुतेक गावांत उत्तर असं मिळतं: पंचायतीत असते, नाहीतर शिपायाकडं, नाहीतर एखाद्या पंचाकडं, आणि ते शेतावर गेलेत. भवन लग्नाला, बारशाला, निवडणुकीला आणि आरोग्य शिबिराला उघडतं. एरवी दाराला कुलूप आणि पायरीवर शेळ्या. भवन बांधणाऱ्यांची यात चूक नाही. ते समारंभासाठी बांधलेलं असतं. चारशे माणसांच्या पंगतीच्या हॉलमध्ये तीन म्हाताऱ्या खुर्च्या टाकून बसल्या तर त्यांना स्वतःलाच चोरून बसल्यासारखं वाटतं.

आम्हाला समारंभ नको होता. दुपारी चार वाजता, काही कारण नसताना, चपला काढून आत जाऊन बसता यावं एवढंच हवं होतं. पूर्वी ते काम पार करायचा, चावडी करायची, तालीम करायची. तालमी आता ओस पडल्यात. पाराच्या भोवतीनं दुचाकी लागतात. घराघराचे सोपे मोडून तिथं लोखंडी गेट आणि ग्रिल आलं. गेटच्या आत बोलावल्याशिवाय कोण जातंय?

तुमच्या गावच्या समुदाय भवनाची एक बाजूची खोली रोज उघडी राहणार असेल, तर वेगळी जागा शोधूच नका. पण रोज म्हणजे रोज.

देवळाच्या सभामंडपात केलं तर चालेल का?

सुरुवात तिथंच सोपी होते. सावली असते, पाणी असतं, वीज असते, आणि देवस्थान पंच कमिटी आधीच जमलेली असते. आम्हीही पहिले तीन महिने मारुतीच्या देवळातच बसलो. मग अडचणी दिसायला लागल्या, आणि त्या कुणी तोंडानं सांगत नव्हतं.

महिन्यातले चार दिवस काही बायका येत नव्हत्या. गल्लीच्या टोकाला राहणारे मुस्लिम शेजारी, ज्यांच्या दुकानातून आमची सगळ्यांची चहापत्ती येते, ते पायरीपर्यंत यायचे आणि उभ्या उभ्या बोलून परत जायचे. पोरांनी कॅरमवर जरा आरडाओरडा केला की कुणीतरी "देवळात हाय रे आपण" म्हणायचं. म्हाताऱ्यांना पाय लांब करून बसायचं असायचं, आणि पाय देवाकडं होऊ नयेत म्हणून ते अवघडून तिरके बसायचे. देवळात माणूस शहाण्यासारखा वागतो, आणि आम्हाला जागा हवी होती ती थोडं खुळ्यागत वागता येईल अशी.

देवळाच्या आवारातली, पण वेगळ्या दाराची खोली असेल तर उत्तम. भजनी मंडळ शेजारी राहतं आणि हरिपाठाला बसणारे दहा मिनिटं आधी इकडं टेकतात.

मग नेमकी जागा कुठली बघायची?

माणसं आधीपासून कुठं रेंगाळतात ते आठवडाभर बघा. गिरणीपाशी, दूध डेअरीपाशी, बस थांब्यावर. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट झाला, तेव्हापासून आमच्या थांब्यावर म्हाताऱ्या बायकांची वर्दळ वाढली. कुणी सौंदत्तीला यल्लम्माला, कुणी लेकीकडं, कुणी नुसतीच बेळगावात बाजार बघायला. बस येईपर्यंत त्या दगडावर बसायच्या. आमचा सोपा थांब्यापासून साठेक पावलांवर आहे, आणि आमच्या निम्म्या आज्ज्या आधी "बस येईस्तोवर" म्हणूनच आत आल्या.

गावाबाहेर, हवेशीर, मोकळ्या गायरानात बांधायचं कुणी सुचवलं तर नमस्कार करा आणि विषय बदला.

जागा दुसऱ्याची आहे, मालक पुण्याला असतो. तोंडी परवानगी पुरेल?

नाही. हे आम्ही भोगलंय.

आमचा सोपा ज्या घराचा, त्या घरातले तीन भाऊ तीन गावांना. थोरल्यानं फोनवर "वापरा की, पडूनच आहे" म्हटलं आणि किल्ली पाठवली. आम्ही कौलं परतली, रंग दिला, संडास बांधला. आठ महिन्यांनी धाकटा यात्रेला आला. त्याला कुणी काहीच विचारलं नव्हतं. त्यानं एक शब्द न बोलता स्वतःचं कुलूप घातलं आणि निघून गेला. भर पावसाळ्यात एकोणीस दिवस आम्ही कट्ट्यावर छत्र्या घेऊन बसलो. बसलो मात्र रोज. शेवटी दोघीजणी त्याच्या आईला भेटून आल्या, आणि त्या माउलीनं फोन केल्यावर कुलूप निघालं.

त्याचा राग खरा होता, चूक आमची होती. तेव्हा पंचायतीत जाऊन ई-स्वत्तुचा, म्हणजे घरजागेच्या नोंदीचा, उतारा काढा, त्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते बघा, आणि जेवढे वारस तेवढ्यांच्या सह्या ई-स्टँप पेपरवर घ्या. किती वर्षांसाठी, दुरुस्तीचा खर्च कुणाचा, परत मागितली तर किती महिने आधी सांगायचं, एवढं त्यात लिहा. भाऊबंदकी असलेली जागा फुकट मिळाली तरी महाग पडते.

किती मोठी हवी?

वीस माणसं दाटीनं बसतील एवढी. मोठ्या हॉलमध्ये पाच माणसं आली तर आज कुणी आलंच नाही असं वाटतं. लहान सोप्यात पाच आली की गर्दी वाटते, आणि रस्त्यावरून जाणारा डोकावतो.

बांधताना, दुरुस्त करताना कशाकडं लक्ष द्यायचं?

पहिला मान संडासाला. हसू नका. साठीच्या पुढच्या माणसानं घराबाहेर किती वेळ बसायचं हे संडास ठरवतो. आमच्याकडं पहिल्या वर्षी बायका पाऊण तासात उठून जायच्या. आम्हाला वाटायचं घरकाम असेल. मग एका काकूंनी माझ्या बायकोला कानात सांगितलं. खुर्चीचा कमोड, बाजूला धरायला पक्का दांडा, दार बाहेरच्या बाजूला उघडणारं (आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगावर अडकतं), आणि बादलीत पाणी कायम. कडी अशी की बाहेरूनही युक्तीनं निघेल.

दुसरं म्हणजे उंबरा आणि पायऱ्या. आपल्याकडच्या जुन्या घरांची जोती उंच असतात, पाऊसच तसा असतो. उताराचा साधा हिशेब असा, की एक फूट चढायला बारा फूट लांबी. आमचं जोतं दीड फुटाचं, म्हणजे अठरा फूट उतार. समोर तेवढी जागा नव्हती म्हणून भिंतीला धरून मध्ये एक वळण घेतलं. गवंडी म्हणाला, "एवढा कशाला, चार फुटांत बसवतो की." त्याच्या चार फुटांच्या उतारावरून चाकाची खुर्ची वर गेली नसती, आणि खाली आली असती ती माणसाला घेऊनच. दार तीन फुटांचं ठेवा. बाकाची बैठक साधारण अठरा इंच उंच आणि हात टेकायला कडा असलेली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या स्वस्त मिळतात, पण त्यातून उठताना म्हाताऱ्यांच्या मागून त्या घसरतात. आम्ही दोघांना पडताना बघितलं, मग त्या लग्नकार्याला देऊन टाकल्या.

तिसरा आवाज. याचा विचार कुणी करत नाही. वर पत्रा, खाली शहाबादी, भिंती सिमेंटच्या, अशा खोलीत चार माणसं बोलायला लागली की कमी ऐकू येणाऱ्याला नुसता गोंगाट कळतो. तो दोन दिवस हसून मान डोलावतो आणि तिसऱ्या दिवशी येत नाही. त्यात आपला पाऊस. बेळगावात त्या मानानं कमी, पण जांबोटी-कणकुंबीकडच्यांना विचारा, मृग लागल्यावर पत्र्याखाली बोलणं म्हणजे काय असतं. आमच्या सोप्यावर कौलं आहेत, नशीब. शेजारच्या खोलीवर पत्रा होता, त्याच्या खाली बांबूच्या तट्ट्या मारल्या आणि भिंतीला जुनी घोंगडी टांगली. घोंगडी दिसायलाही बरी दिसते.

उजेड मात्र भरपूर हवा. बाकी रंग, फरशी, नक्षी तुम्हाला आवडेल तशी करा.

वीज कुठून घ्यायची?

स्वतंत्र मीटर. शेजाऱ्याच्या किंवा देवळाच्या मीटरवरून वायर ओढली की पहिल्या जादा बिलाला भांडण ठरलेलं. हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या, कचेरीत एक-दोन खेपा होतील, होऊ देत. गृहज्योती योजनेची फुकट विजेची सवलत घरगुती मीटरला असते, अशा जागेला ती धरून चालू नका.

उघडायची वेळ काय ठेवावी?

एकच वेळ ठेवा आणि ती कधी चुकवू नका. आमची सकाळी सात ते नऊ आणि दुपारी चार ते रात्री साडेआठ. माणूस दोनदा येऊन कुलूप बघून गेला की तिसऱ्यांदा येत नाही, विशेषतः काठी टेकत आलेला.

शेतीचं वेळापत्रक मात्र मानावं लागतं. जून-जुलैत नट्टी, म्हणजे भाताची रोपं, लावायच्या दिवसांत दुपारी कुणी फिरकत नाही. सुगीत, भाताची कापणी-मळणी चालू असताना तेच. पुढं मसूर पेरून झाला की माणसं मोकळी होतात आणि थंडीत सकाळच्या उन्हाला कट्टा भरतो. नट्टीच्या दिवसांत आम्ही उघडतो ते घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांसाठी आणि त्यांच्याजवळ सोडलेल्या लहान पोरांसाठी. तेव्हा चार माणसं असतात. चारांसाठीसुद्धा दार उघडायचं, हे आमच्यातल्या काहींना पटायला दोन पावसाळे लागले.

शहापूर-वडगावकडं मागवाल्यांच्या गल्ल्यांत हे गणित वेगळं पडेल. माग चालू असताना कोण येणार? उद्यमबागच्या कारखान्यांत शिफ्टला जाणाऱ्यांचं आणखी वेगळं.

तरुण पोरं येत नाहीत. आली तरी मोबाईलात डोकं घालून बसतात.

येत नाहीत कारण आपण त्यांना "या, बसा, दोन शब्द ऐका" म्हणून बोलावतो. ऐकायला कुणी येत नसतं, तुम्ही-आम्ही तरी त्या वयात गेलो होतो का?

आमच्याकडं पोरं आली ती तीन गोष्टींना. एक, दिव्याखालची टेबलं. घरात टीव्ही चालू, धाकटी भावंडं, अभ्यासाला कोपरा नाही. दोन, कॅरम. तीन, भरती. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात, त्यामुळं आमच्या भागात घराआड माजी सैनिक आहे. आमचे एक सुभेदार मामा पहाटे पाचला पोरांना माळावर पळवतात आणि सातला सोप्यात आणून चिरमुरे-गूळ खायला घालतात. ज्या पोराला बापाशी दोन वाक्यं बोलायचं जिवावर येतं, तो मामांना भरतीच्या फॉर्मपासून लग्नापर्यंत सगळं विचारतो.

मोबाईलवर बंदी घालू नका. चार्जिंगची पट्टी लावा. चार्जिंग होईपर्यंत पोरगं दहा मिनिटं बसतं, आणि शेजारी एखादी आज्जी असते, आणि तिचं काहीतरी काम असतंच. ते काम कसलं, ते खाली भाषेच्या प्रश्नात सांगतो.

टीव्ही ठेवावा का?

आम्ही ठेवला होता. एका दात्यानं दिला, नाही म्हणता येईना. सहा महिन्यांत सगळी माणसं एका दिशेला तोंड करून बसायला लागली. पुढं कुणाच्या हातात रिमोट यावरून दोन घरांत अबोला झाला. एका मे महिन्यात विजा कडकडल्या आणि टीव्ही जळाला. दुरुस्त करायला कुणी वर्गणी काढली नाही, मीसुद्धा नाही. क्रिकेटचा मोठा सामना असला की कुणीतरी घरचा आणून लावतो आणि परत नेतो.

बायका येतील का? आमच्याकडं कट्टा म्हणजे गड्यांचा.

बरोबर बोललात. नुसतं "सर्वांना मुक्त प्रवेश" लिहून बायका येत नाहीत. दाराशी चार गडी बसलेले असले की बाई आत न जाता पुढं निघून जाते, मग आत जागा कितीही असो. आम्ही गड्यांची बाकं दारापासून हलवून कडेच्या भिंतीला नेली. त्यावरून कुरकुर झाली. रस्ता दिसत नाही म्हणे. रस्ता बघायचा असेल तर कट्टा आहे की.

सगळ्यांसाठी दार चारला उघडतं, त्याआधी दुपारी दोन ते चार हा वेळ फक्त बायकांचा. तेव्हा बचत गटाची बैठक होते, भिशी होते, कधी नुसतं लसूण सोलणं. सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार या महिन्यात जमा झाले की नाही, कुणाचे अडकले, त्याची सगळी चौकशी इथंच. श्रावणात झिम्मा-फुगडीची तालीम चालते तेव्हा परसातल्या पेरूच्या झाडावर पोरं बसतात.

पण एक गोष्ट कळायला वेळ लागला. सासू बसलेली असते तिथं सून येऊन मोकळी हसत नाही. एक नवी सुनबाई रोज यायची, कोपऱ्यात बसायची आणि "काय नाही, सगळं बरं" एवढंच बोलायची. मग अंगणवाडीच्या बाईंनी मंगळवार आणि शुक्रवार लहान मुलांच्या आयांचे ठरवले. सासवांना सांगितलं की तुम्ही या दोन दिवशी नातवंडं सांभाळा, घरी. सासवा पहिल्यांदा रुसल्या. आता मंगळवारी सोप्यातून जो आवाज येतो तो गल्लीच्या टोकापर्यंत जातो.

गल्लीतला पथदिवा चालू असेल हेही बघा. दिवा गेला की संध्याकाळी सातनंतर बायका घटतात.

लहान पोरांच्या दंग्यानं म्हाताऱ्यांना त्रास नाही होत?

होतो. थोडा वेळ. मग पोरं गेली की विचारतात, "आज लवकर गेली काय गा?"

भाषा कुठली? मराठी की कन्नड?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला बहुतेक वेळा आधीच एक उत्तर हवं असतं.

सोप्यात बोलली जाते ती आमची बेळगावी मराठी, "काय करालास?" आणि "होय की" वाली, जिच्यात कन्नड कुठं संपतं आणि मराठी कुठं सुरू होते ते व्याकरणवाल्यालाही सांगता यायचं नाही. मागच्या गल्लीतले लिंगायत आज्जा आले की "बर्री, कुंद्री" (या, बसा) म्हणून बाक सरकवायचा, "ऊट आतेन्री?" (जेवण झालं का?) विचारायचं. ते उत्तर मराठीत देतात. वर्तमानपत्रं तीन येतात, दोन मराठी आणि एक कन्नड. कन्नड पेपर आधी कोण उचलतं? आमची शाळकरी पोरं.

आता ती आज्जीच्या कामाची गोष्ट. आमच्याकडं सत्तरीतल्या माणसांची शाळा मराठी. त्यांना देवनागरी झरझर वाचता येतं, कन्नड अक्षर डोळ्यांना नुसतं गोल गोल दिसतं. नातवंडं कन्नड नाहीतर इंग्रजी माध्यमात. त्यांना पंचायतीची नोटीस वाचता येते, पण आज्जीचं मराठी पुस्तक अडखळत. आणि घरात येणारा सरकारी कागद कन्नडमध्ये: संध्या सुरक्षेच्या पेन्शनचं पत्र, रेशनचा मेसेज, बँकेचा, हेस्कॉमचा.

एका दुपारी एक आज्जी पदराच्या गाठीतून घडी घातलेला कागद काढून बसल्या होत्या. घडीवर घडी, चारही कोपरे मऊ झालेले. चार दिवस त्या तो घेऊन फिरत होत्या. मुलाला वेळ नव्हता, आणि शेजाऱ्याला दाखवायचा तर घरातलं बाहेर जाईल ही भीती. चार्जिंगला बसलेल्या नववीतल्या पोरीनं तो वाचला. काही विशेष नव्हतं, बँकेत आधार जोडायला सांगितलं होतं. आज्जींनी कागद परत त्याच घड्यांवर दुमडला आणि म्हणाल्या, "तुला काय वाचून दाखवू?" पोरीला शाळेत म्हणायला एक अभंग हवा होता, आणि तिच्या मोबाईलवर तो होता, पण शब्द कुठं तोडायचे ते तिला कळत नव्हतं.

तेव्हापासून गुरुवारी संध्याकाळी कागद वाचायचा वार आहे. पोरं कन्नड-इंग्रजी कागद वाचून अर्थ सांगतात, फॉर्म भरतात, नोव्हेंबरात माजी सैनिकांना "स्पर्श" या पेन्शनच्या पोर्टलवर हयातीचा दाखला काढून देतात. बदल्यात म्हातारी माणसं त्यांच्याकडून मराठी वाचून घेतात. ओटीपी मात्र कुणी कुणाला मोठ्यानं सांगायचा नाही. हा एकच नियम आम्ही भिंतीवर लिहिलाय, दोन्ही भाषांत.

फलक कुठल्या भाषेत लावला?

कर्नाटकात २०२४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. दुकानं, ट्रस्ट, दवाखाने अशांच्या फलकावर ६० टक्के भाग कन्नड हवा, आणि कन्नड वरच्या अर्ध्यात. संस्था म्हणून नोंदणी करणार असाल तर फलक त्याच मापानं करा, वर कन्नड, खाली मराठी. आमच्या सोप्याला फलकच नाही. दारातला पाण्याचा माठ आणि बाहेर काढलेल्या चपला बघून लोकांना कळतं.

सीमाप्रश्नावर बोलायचं की नाही?

बोलतात की. १९५६ पासूनचा विषय आहे, न बोलून कसं चालेल? १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करायला जाणारे आमच्यातच आहेत. पण सोप्यात ठराव नाही, झेंडा नाही, निवडणुकीच्या काळात कुठल्याच पक्षाची बैठक नाही. दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो आमच्या बाकावर निकाली निघायचा नाही. आवाज चढला की सुभेदार मामा चहा टाकायला सांगतात.

पुस्तकं ठेवावीत का?

थोडी. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं, आणि कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा खेड्यांत गावकरी दरवर्षी साहित्य संमेलनं भरवतात, त्यामुळं आपल्याकडं वाचनाचा विषय निघाला की लोकांची छाती फुगते आणि लगेच कपाट विकत घेतलं जातं. कपाटाला कुलूप लागतं, किल्ली ग्रंथपालाकडं, ग्रंथपाल परगावी. पुन्हा तेच.

आम्ही उघड्या फळीवर साठ-सत्तर पुस्तकं ठेवतो. मोठ्या टाइपची, लहान मुलांची, पोथ्या, शेतीची. नेलेलं परत आलं नाही तर नाही. जास्त पुस्तकं हवी असतील तर ग्रामपंचायतीचं ग्रंथालय आहेच, "अरिवु केंद्र" म्हणतात त्याला. तिथल्या माणसाला ओळखून ठेवा, तोही एकटाच बसलेला असतो.

नोंदणी लागते का? पैसे कुठून?

दहा माणसांनी बसून चहा प्यायला नोंदणी लागत नाही. बँकेत खातं, सरकारी निधी, जमीन असं काही हवं असेल तर कर्नाटक संस्था नोंदणी कायदा, १९६० खाली करता येते. किमान सात सभासद, नियमावली, आणि मग दरवर्षी सभा, तपासलेला हिशेब आणि कार्यकारिणीची यादी दाखल करणं. हे शेवटचं लोक विसरतात. पंचायतीकडून काही हवं असेल तर वार्ड सभेत आणि ग्रामसभेत विषय लिहून घ्यायला लावा, पीडीओंना (पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांना) नुसतं तोंडी सांगू नका. आमदार-खासदार निधीतून खोली मिळू शकते, पण तिच्यावर कुणाचं नाव येणार आणि किल्ली कुणाकडं राहणार, हे आधी ठरवा.

आम्ही पहिली दोन वर्षं नोंदणीशिवाय काढली. घरटी महिना पन्नास रुपये, जमेल त्यानं. ज्याला जमत नाही तो शेणी देतो, दूध देतो, झाडलोट करतो. कुणी किती दिले हे भिंतीवर लिहायचं नाही यावर मी हट्ट धरला होता. जमाखर्चाची वही मात्र उघडी असते, कुणीही बघावी.

गणपती, शिवजयंतीला मंडळाला जागा द्यायची का?

द्या, पण पूर्ण नको. शिवजयंतीच्या चित्ररथाची तयारी असली की पोरं रात्ररात्र जागतात, त्यांना सामान ठेवायला खोली लागते. खोली द्या, सोपा राखा. ध्वनिक्षेपक रात्री दहा ते सकाळी सहा बंद हा तर देशभरचा नियमच आहे, तो कागद काढून हातात ठेवला की वाद कमी होतो. पहिल्या वर्षी आम्ही पंधरा दिवस सगळीच जागा दिली होती. थर्माकोल आणि गोंदाच्या वासातून म्हातारी माणसं परत यायला दिवाळी उजाडली.

चहा कोण करणार?

ज्याची पाळी तो. गड्यांचीही पाळी असते. एका आबांचा चहा इतका वाईट होतो की त्यांच्या दिवशी लोक घरून पिऊन येतात, तरी पाळी चुकवू दिली नाही.

कुणी पिऊन आलं तर?

कट्ट्यावर बसवायचं, आत नाही. पाणी द्यायचं. शुद्धीवर असताना तो आला तर आदल्या दिवसाचा विषय काढायचा नाही.

मी बंगळूरला, पुण्याला, गोव्याला असतो. मी काय करू?

टीव्ही देऊ नका. गावी तुमचं बंद घर असेल तर भावांशी बोला. आणि सुट्टीला आलात की फोटो काढून जाऊ नका, दोन दिवस संध्याकाळी येऊन बसा.

चालवणारा माणूस दमला, आजारी पडला तर?

आमचं दार तीन वर्षं सुभेदार मामाच उघडायचे. मागच्या थंडीत त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि आम्हाला कळलं की एका माणसाच्या जिवावर सगळं चाललं होतं. आता किल्ल्या चार आहेत. एक मामांकडं, एक अंगणवाडीच्या बाईंकडं, एक माझ्याकडं, आणि चौथी पिठाच्या गिरणीत खिळ्याला टांगलेली, कारण गिरणी सगळ्यांच्या आधी उघडते. कुणीही न्यावी, दार उघडावं आणि आतल्या वहीत नाव व वेळ लिहावी.

त्या वहीत मराठी, कन्नड, इंग्रजी, अंगठा, सगळं आहे. मामा दवाखान्यात होते त्या आठवड्याची पानं मी परवा चाळली. सोमवारी दोन वेगवेगळ्या नावांनी नोंद आहे, दोघंही एकाच वेळी पोचले असणार. बुधवारी त्या नववीतल्या पोरीचं अक्षर आहे. सातची वेळ खोडून तिनं सात-वीस केलीय आणि पुढं कंसात लिहिलंय, "आज्जीला बसमध्ये बसवून आले."